२०२१ मध्ये कुटुंबासह परदेशी निघायचं तर आधी कोविनवर पासपोर्ट जोडावा लागे

तेव्हा कोविड लसीच्या प्रमाणपत्रावर नाव आधारप्रमाणे आणि तिकिटावर पासपोर्टप्रमाणे असलं, तर विमानतळावर अख्खं कुटुंब खोळंबू शकत होतं. म्हणून सोलापूर सोडण्याआधी घरीच, कोविन या सरकारी लसीकरण संकेतस्थळावर हे करून घ्यायचं.

१. लस घेताना दिलेल्या मोबाइलवरूनच कोविनवर लॉगिन करायचं. आजी-आजोबांची नोंद शेजारच्या मुलाच्या नंबरवर झाली असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाई. त्याला आधी फोन करून ठेवायचा.
२. ‘रेज अ‍ॅन इश्यू’मध्ये पासपोर्टची माहिती जोडण्याचा पर्याय घ्यायचा, व्यक्ती निवडायची, पासपोर्टचा क्रमांक भरायचा.
३. नवं प्रमाणपत्र डाउनलोड करून प्रिंट काढायची.

जपावं लागे ते नावाला. दुरुस्तीची संधी एकदाच मिळे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते कुठे असतं, कुठे नसतं. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं लागे.

आणि आरटीपीसीआर या कोविड चाचणीच्या मुदतीचे ७२ तास तेव्हा बहुतेक ठिकाणी नमुना दिल्यापासून मोजत, रिपोर्ट आल्यापासून नाही. मुंबईहून विमान असेल तर सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्रही त्यातच जाई. म्हणून विमानाच्या वेळेपासून उलटे तास मोजायचे आणि सगळ्यांचे नमुने एकदमच द्यायचे.