क्वेरीत तारीख-वेळ पाठवताना टाइम झोनचा घोळ कसा टाळायचा

रिपोर्टमध्ये पहाटे साडेपाचच्या आधीच्या ऑर्डरी आदल्या दिवसात पडतायत का? मग दिवस कुठे सुरू होतो ते यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) चालणारा सर्व्हर ठरवतोय, आपला १५ ऑगस्ट त्याच्या घड्याळात १४ तारखेच्या संध्याकाळी साडेसहालाच लागतो.

मी पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पायथन धरून सांगतो. कॉलम ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’च घ्या. त्यात झोन साठवला जात नाही, आत यूटीसीतली वेळ असते आणि दाखवताना सेशनच्या (म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) झोनमध्ये बदलून मिळते, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. साध्या टाइमस्टॅम्पचा मात्र भरवसा नाही, स्ट्रिंगमध्ये शेवटी +०५:३० लिहून पाठवलंत तरी तेवढा भाग तो गुपचूप सोडून देतो, एरर नाही की वॉर्निंग नाही.

आता पॅरामीटर, म्हणजे क्वेरीला बाहेरून दिलेली किंमत. डेटटाइम नेहमी झोन लावूनच बनवा, पायथन ३.९ पासून त्यासाठीचं झोनइन्फो हे मॉड्यूल सोबतच येतं, फक्त विंडोजवर tzdata हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. झोन न लावता दिलात तर पोस्टग्रेस सेशनचा झोन धरतं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर आणि सर्व्हरवर साडेपाच तासांचा फरक, आणि असला बग शोधायला फार जीव जातो.

एका दिवसाचा डेटा हवाय तर दोन पॅरामीटर द्या: त्या तारखेचे रात्रीचे १२ (००:००, म्हणजे दिवसाची सुरुवात) आणि पुढच्या तारखेचे रात्रीचे १२, दोन्ही एशिया/कोलकाता लावून. अट पहिल्याला >= आणि दुसऱ्याला नुसतं <. २३:५९:५९ वर थांबू नका, शेवटच्या सेकंदातली ऑर्डर सुटते. कॉलमलाच डेटमध्ये कास्ट करून (टाइप बदलून) तुलना करणं पण नको, शोध झटपट व्हावा म्हणून त्यावर केलेला साधा इंडेक्स मग कामाला येत नाही. आणि पुढचा दिवस काढायला यूटीसीत २४ तास मिळवू नका, भारतात चालून जाईल पण न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ हा दिवस २३ तासांचाच होता, म्हणून आधी तारीख वाढवा, मग झोन लावा.

सायकोपीजी ३ मध्ये (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) प्लेसहोल्डरच्या, म्हणजे क्वेरीत पॅरामीटरच्या जागी लिहिलेल्या %s च्या, आधी टाइपचं नाव लिहिलंत तर सिंटॅक्स एरर येतो, ती पद्धत फक्त क्वेरीत थेट लिहिलेल्या स्ट्रिंगला चालते. प्लेसहोल्डरनंतर दोन कोलन देऊन टाइप लिहा.

वेळ दुसऱ्या झोनमध्ये बदलणाऱ्या ‘ॲट टाइम झोन’ला झोनचं नाव पॅरामीटर म्हणून बिनधास्त द्या, पण पूर्ण नावच द्या. तिथे ‘यूटीसी+५:३०’ असं लिहिलंत तर पोस्टग्रेस ते ग्रीनिचच्या पश्चिमेला धरतं आणि वेळ तब्बल ११ तासांनी चुकते.