औषधाच्या डब्यावरचं लांबलचक नाव कसं वाचायचं

मागच्या खरिपात सोयाबीनवर चक्रीभुंगा ही कीड आली तं मी कृषी केंद्रात गेलो, "भाऊ ते क्लोर... क्लोर काहीतरी द्या" म्हटलं, पुढं जीभच वळेना, अन् त्यानं क्लोरपायरीफॉसचा डबा काढून देला. घरी येऊन झाकण उघडलं, वास आला तवा समजलं. मले पाहिजे होतं क्लोरँट्रानिलिप्रोल. सुरुवात दोघांची सारखीच, पण पहिल्यावर पिवळा त्रिकोण, म्हणजे जास्त विषारी, अन् दुसऱ्यावर हिरवा, म्हणजे कमी. विषारीपणात केवढा फरक पाहा.

तं हे क्लोरँट्रानिलिप्रोल नाव फोडायचं कसं? इंग्रजीत १९ अक्षरं हायेत, पाहूनच घाम फुटते. पेन घ्या अन् फक्त स्वरांखाली टिंब द्या. ओ, ए, ए, आय, आय, ओ, ई, झाले सात. शेवटचा ई मुका हाय, तो खोडा. उरले सहा, म्हणजे तोंडानं सहाच तुकडे: क्लोर-अँन-ट्रा-निल-इ-प्रोल. बोलताना र पुढच्या अँला चिकटते अन् ल इ ला, म्हणून कानाले "क्लोरँट्रानिलिप्रोल" असं येते.

सीएच पाहून "च्लोर" म्हणू नका बाप्पा, विहिरीत ब्लिचिंग टाकतो त्यातला क्लोरीन आठवा, तोच हा.

जोर द्यायचा निलवर. अन् गंमत अशी का हा निल आपलाच, आजी धोतराले द्यायची ती नीळ! संस्कृतातला नील अरबीतून पोर्तुगीजांकडं गेला, तिथं अनिल झाला, पुढं १८४० च्या सुमारास युरोपात निळीपासून अँथ्रानिलिक ॲसिड काढलं, अन् त्याच घराण्यातलं म्हणून ह्या औषधाच्या नावात तो घुसला.

पाठ करताना मात्र शेपटाकडून चढायचं. प्रोल. इप्रोल. निलिप्रोल. ट्रानिलिप्रोल. अँट्रानिलिप्रोल. मग पूर्ण. पुढून सुरू केलं का मधातच गाडी फसते, कारण नंतरचा भाग नवीन अन् दमही संपलेला. मी ट्रा अन् निलच्या मधात तीन दिवस अडकलो होतो, नववीतल्या पोरीनं भाकरी खाता खाता पाठ केलं.

हेच इमामेक्टिन बेंझोएट ह्या दुसऱ्या कीडनाशकाले लावून पाहा, चार अन् तीन सात तुकडे, शेवटचा ई तिथंही मुकाच. क्लोरपायरीफॉसमध्ये वाय दिसते तो स्वरातच मोजा, नाही तं एक तुकडा कमी पडते. अन् दुकानात क्लोरँट्रानिलिप्रोलच्या नावासंगं "१८.५ टक्के एससी" (एससी म्हणजे पाण्यात मिसळायचं घट्ट द्रव औषध) हेही म्हणा, मग तो दुसरा डबा काढतच नाही.