पावडर कोटिंगला पाठवण्याआधी अर्थिंगच्या जागा झाका

आउटडोअर टेलिकॉम कॅबिनेटवर पावडरचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. अर्थ स्टडच्या (अर्थिंगची वायर जोडायच्या बोल्टच्या) बुडाशी पावडर बसली, तर नट कितीही आवळा, अर्थिंग कच्चंच राहतं.

म्हणून बॉडी, दार आणि ग्लँड प्लेट (केबल आत घ्यायची पट्टी) यांवरच्या अर्थिंगच्या जागा, तसंच 19 इंची रेल (उपकरणं बसवायची पट्टी) जिथे बॉडीला टेकते ती जागा, हे सगळं कोटिंगआधीच झाका. पावडर 180 ते 200 अंशांना भाजतात. साधी कागदी टेप त्यात करपते आणि तिचा गोंद पत्र्याला धरून बसतो. हिरवी पॉलिस्टर टेप वापरा, स्टडवर सिलिकॉनची टोपी. टेपची चकती वॉशरपेक्षा 2-3 मिमीच मोठी कापा, नाहीतर उघडा पत्रा बाहेर डोकावतो. पत्रा कोमट असतानाच टेप काढा.

नंतर ग्राइंडरने रंग खरवडायचा शॉर्टकट अजिबात नको. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्यावरचं जस्तही त्यासोबत निघून जातं आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

दाराच्या अर्थिंगसाठी बिजागरीवर विसंबू नका. ग्रीस, रंग आणि ढिलाई यांमुळे तिचा संपर्क सुटतो. कल्हई केलेली तांब्याची वेणी लावा, दार पूर्ण उघडल्यावरही ती ताणली जाता कामा नये. वेणीच्या टोकाचा लग (बोल्टला अडकवायचा कान) कल्हईचाच घ्या, खाली दातेरी वॉशर टाका.

शेवटी मुख्य स्टडपासून प्रत्येक भागापर्यंत रोध मोजा, तो 0.1 ओहमच्या आत हवा. साध्या मल्टीमीटरच्या वायरींचाच रोध याहून जास्त भरतो, त्यामुळे चार वायरींचा मिलिओहम मीटरच लागतो.