जपानी डिझेल गाड्यांची दुर्मीळ मॉडेल्स ओळखताना या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोटो येतो. "दादा, हे डीडी५१ दुर्मीळ आहे ना? नंबर बघा!" (डीडी५१ म्हणजे जपानी रेल्वेचं एक डिझेल इंजिन, इथे त्याचं छोटं मॉडेल.) आणि फोटोत खरोखर तेवढंच असतं, नंबर. छप्पर नाही, चाकांची चौकट नाही, गाडीचं पोट नाही. हे बघून बघून मी थकलोय, म्हणून सुरुवात इथूनच.

काटो, टोमिक्स या मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांच्या एन गेज (प्रमाण १:१५०, रूळ ९ मिलिमीटर) इंजिनांवर नंबर बहुतेक वेळा कारखान्यातून लागून येत नाही. खोक्यात वेगवेगळ्या नंबरांच्या नखाएवढ्या प्लेटा असतात. त्यातली हवी ती घेणाऱ्यानेच बसवायची. सुट्या प्लेटाही विकत मिळतात. म्हणजे नंबरावरून एवढंच कळतं, की आधीच्या मालकाला कुठला नंबर आवडला होता.

हा धडा मी पैसे मोजून शिकलोय. टोकियोत आलो तेव्हा नाकानोच्या एका दुकानात काचेमागे डीडी५१ ८४२ दिसलं. ८४२ म्हणजे ताकासाकी डेपोचं, सम्राटांच्या खास गाडीला जोडलं जाणारं इंजिन. किंमत साध्या डीडी५१ च्या तिप्पट. माझा हात थरथरत होता. दुसरं कुणी नेईल या भीतीने मी ते खाली-वर करून बघितलंही नाही. घरी आणून दिव्याखाली धरलं आणि केबिनच्या छपरावर धुरांड्याचं तोंड दिसलं. ते तिथे असायलाच नको होतं. प्रवासी डबे गरम ठेवायला वाफ करणारा बॉयलर काही डीडी५१ मध्ये असे, हे धुरांडं त्याचं. ८०० ची मालिका मालगाड्यांसाठी, बॉयलरशिवाय बांधलेली. शिवाय खऱ्या ८४२ चे हाताने धरायचे दांडे चकचकीत चंदेरी, माझ्या हातातल्याचे साधे पांढरे. कुणीतरी ५०० च्या मालिकेच्या बॉडीवर ८४२ ची प्लेट चिकटवली होती. जुन्या मालावर परतावा नाही, असं दुकानाने नम्रपणे सांगितलं. ती प्लेट मी काढून टाकली. इंजिन अजून माझ्या फडताळात आहे, आणि कुणी नवखा घरी आला की त्याच्या हातात मी आधी तेच देतो.

तेव्हापासून मी आधी छप्पर बघतो, मग नंबर. नंबरांचे गट मला पाठ आहेत, तुम्हीही करा, दहा मिनिटांचं काम आहे. १ ते ५३ ही पहिली मालिका. ५०१ ते ७९९ बॉयलरवाली, तीच पुढे १००१ ते ११९३. ८०१ ते ८९९ बिनबॉयलरची, तीच पुढे १८०१ ते १८०५. बेरीज ६४९, तेवढीच डीडी५१ बांधली गेली. या गटांबाहेरचा नंबर दिसला तर पुढे बघायचीसुद्धा गरज नाही. अक्षरंही बोलतात: पहिला डी डिझेलचा, दुसरं अक्षर इंजिन ज्यांना फिरवतं त्या आसांच्या संख्येचं. डी म्हणजे चार, ई पाच, एफ सहा. डीई१० चे आस न मोजता "ओळखलं" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक रंगाची. किहा ४० हा स्वतःचं डिझेल इंजिन असलेला प्रवासी डबा. तिचा आणि तिच्या बहिणींचा सबंध शेंदरी रंग जपानात 'ताराको' म्हणून ओळखला जातो, म्हणजे कॉडच्या कुळातल्या पोलॉक माशाची खारवलेली अंडी. वर्षानुवर्षं खिडकीत ठेवलेलं असं मॉडेल उन्हाने फिकट होतं, आणि मग ते 'वेगळ्या छटेची मर्यादित आवृत्ती' म्हणून विकलं जातं. मी डबा फिरवून दोन्ही बाजू एकाच उजेडात बघतो. ऊन सहसा एकाच बाजूला लागलेलं असतं. तरी शंका राहिली तर बॉडी हलकेच सैल करून चेसीआड झाकलेली कड बघतो. तिथला रंग खोटं बोलत नाही. आणि ती किहा ४० च आहे ना, हेही बघा. दोन्ही टोकांना केबिन असेल तर ४०. एकाच टोकाला केबिन आणि दोन पाखांची रुंद दारं मध्याकडे सरकलेली, तर ४७. एकच केबिन पण दारं टोकांना, तर ४८.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रुळावर ठेवलं, चाललं नाही, म्हणजे बिघडलं असं नाही. खोक्यावर 'टी' असेल तर त्यात मोटर नसतेच, ती 'एम' मध्ये असते. तेत्सुदो कलेक्शन या मॉडेल-मालिकेचे डबेही मोटरशिवायच येतात.

'जंक' लिहिलेल्या टोपलीत खजिना शोधू नका. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की दुकान कसलीच हमी देत नाही.

प्लारेल या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या खोक्यावर 'ताकारा तोमी' असेल तर ते २००६ किंवा त्यानंतरचं. त्या वर्षी ताकारा आणि तोमी या दोन कंपन्या एक झाल्या. तळाशी कोरलेलं साल मात्र बहुधा हक्कनोंदणीचं असतं, ते खेळणं कधी बनलं याचं नव्हे.

बाजूला 'जेआर' ची खूण असेल तर ते मॉडेल १९८७ च्या एप्रिलआधीचं असूच शकत नाही. त्या महिन्यात जपानची राष्ट्रीय रेल्वे मोडून जेआर कंपन्या झाल्या.

जादा पैसे मोजण्याआधी 'साइसेइसान', म्हणजे पुन्हा उत्पादन, हा शब्द शोधा. कंपनी तेच मॉडेल पुन्हा काढणार असेल तर आजचा भाव उद्या राहत नाही.

आणि फोटो टाकून नाव सांगणारी ॲप. ती 'डीडी५१' एवढं सांगतात आणि थांबतात, तर खरं काम तिथून पुढे सुरू होतं. पाच मिनिटांत निकाल हवा असणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. मला फोटो पाठवायचाच असेल तर पाच पाठवा: छप्पर, दोन्ही बाजू, पोट आणि खोक्याची लेबल असलेली कड. नंबरप्लेटचा सहावा पाठवलात तरी चालेल, तो मी शेवटी बघेन.