प्रॉडक्ट स्ट्रॅटेजीचा प्रश्न: आधी पैसा कुठून येतो ते बघा

प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीत 'फोनपेने पुढे काय करावं?' असं विचारलं की बरेच उमेदवार फीचर्स सांगत सुटतात आणि तिथेच गाडी घसरते. आधी ध्येय विचारून घ्या: वापर वाढवायचा की उत्पन्न? मग कमाईचं गणित मांडा. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून एमडीआर (प्रत्येक पेमेंटमागे कापलं जाणारं शुल्क) घेता येत नाही. म्हणजे नुसते व्यवहार वाढवून थेट कमाई होत नाही. मग विमा, कर्ज, साउंडबॉक्सचं भाडं हे पर्याय समोर येतात. एकच निवडा. बाकीचे का सोडले ते जरूर सांगा, हा भाग सर्रास राहून जातो. कोणता आकडा किती खाली गेला तर माघार घ्याल, तेही ठरवून ठेवा. सराव रोज एका कंपनीवर, 20 मिनिटं, मोठ्याने बोलून. नुसतं लिहून काढलं तर मुलाखतीत अडखळायला होतं.