समुद्राच्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम मोजताय? या चुका टाळा

सोलापूरहून समुद्र लांब. म्हणून इथल्या एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी नमुना रत्नागिरीहून एसटीने येतो आणि आकडे बहुधा तिथेच चुकतात. इथे मोजणी स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीने होते: सेन्सरच्या इलेक्ट्रोडवर धातू आधी साचवायचा, मग व्होल्टेज बदलत तो परत विरघळवायचा; प्रत्येक धातू आपापल्या व्होल्टेजला करंटचा उंचवटा, म्हणजे पीक, देतो. पण सेन्सरला नावं ठेवण्याआधी बाटली बघा. खुल्या समुद्रात शिसं लिटरमागे काही नॅनोग्रॅमच असतं. पत्र्याच्या बादलीने पाणी काढलं तर जस्ताचा आकडा समुद्राचा नाही, बादलीचा! पॉलिथिनची बाटली १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये भिजवून नीट खळबळून घ्या. पाणी गाळून लगेच शुद्ध ॲसिडने पीएच २ च्या खाली आणा, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून बसतात. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली तशीच ॲसिड घालून प्रवासाला न्या. हा ब्लँक नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

पण सगळ्यात महागात पडते ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये काढलेली कॅलिब्रेशनची रेघ (माहीत प्रमाण आणि पीकची उंची यांचा आलेख). स्क्रीन-प्रिंटेड स्ट्रिपवरचा (छापलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्टीवरचा) सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड, थेट नमुन्यातच बुडतो, आणि त्याचा व्होल्टेज क्लोराइडवर ठरतो. समुद्रात क्लोराइड साधारण ०.५५ मोलर. नमुना दहापट पातळ केला की २५ अंशांना रेफरन्स सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकतो, शिशाचा पीक ऋण बाजूला जातो आणि विद्यार्थी भलताच धातू सापडला म्हणून खूश होतो. त्याच नमुन्यात ठरावीक शिसं दोन-तीनदा मिसळून पीक किती वाढतो ते बघा. स्टँडर्ड ॲडिशनला पर्याय नाही.

इलेक्ट्रोडवरचा बिस्मथचा पातळ थर, म्हणजे बिस्मथ फिल्म, २००० सालापासून पाऱ्याच्या जागी वापरात आली. शिसं, कॅडमियम, जस्तासाठी ती छान. तांब्यासाठी नको, त्याचा पीक बिस्मथच्याच पीकमध्ये मिसळतो. तांबं-जस्त एकत्र असतील तर त्यांचा संयुग बनून जस्ताचा पीक खुजा होतो. थोडं गॅलियम घातलं की हा प्रश्न सुटतो. आणि पीएच २ चा नमुना थेट फिल्मवर घालू नका. हायड्रोजनचे बुडबुडे जस्ताचा पीक गिळतात. आधी ॲसिटेट बफरने पीएच ४.५ च्या आसपास आणा.

दर रनला पीक घटत चालला असेल तर सेंद्रिय पदार्थ इलेक्ट्रोडवर साचलेत. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून यूव्ही दिव्याखाली ठेवा. एरवीही समुद्रातलं बहुतेक तांबं सेंद्रिय रेणूंना धरूनच असतं, मोकळं सापडत नाही.

मे महिन्यात आणखी एक कटकट. सकाळचा ब्लँक आणि दुपारी चाळिशीच्या उन्हात घेतलेलं ॲडिशन यांची तुलना करू नका, तापमान वाढलं की डिफ्यूजन वाढतं आणि करंटही. एसी नसेल तर सगळे रन सलग, सकाळीच उरका.