दार उघडण्याआधी

आपल्याकडे बेल वाजली की हात आधी कडीवर जातो, कोण आहे हे नंतर विचारलं जातं. ही सवय मोडायला मला तीन रविवार लागले.

न्यू जर्सीत आमच्या शेजारी इक्वेडोरहून आलेलं कुटुंब राहतं. आईसची, म्हणजे परदेशी लोकांना कागदपत्रांवरून धरणाऱ्या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, माणसं आसपास फिरताहेत अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा ती दारात आली तर काय करायचं याची त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तालीम घेतली. माझा नवरा अधिकारी झाला. त्याने नुसतं "पोलीस!" म्हणून दार वाजवलं आणि मी उघडलंसुद्धा. आईसच्या जॅकेटवर बऱ्याचदा 'पोलीस' एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा फसायला तेवढं पुरतं.

तर बोलायचं ते बंद दाराआडून. वॉरंट आहे का विचारा, असेल तर दाराखालून सरकवायला किंवा खिडकीच्या काचेला लावायला सांगा. मग तो कागद सावकाश वाचा. वर कोर्टाचं नाव, खाली न्यायाधीशाची सही, मध्ये तुमचाच पत्ता आणि चालू तारीख, हे सगळं असेल तर ते कोर्टाचं वॉरंट. आईसकडे बहुतेक वेळा असतो तो आय-२०० किंवा आय-२०५ नावाचा फॉर्म. त्यावर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते. अमेरिकन घटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार घरात शिरायला तेवढा कागद पुरत नाही, असंच वकील शिकवत आलेत. सही दिसली की आपण दबतो, म्हणून आम्ही दोन्ही प्रकारचे नमुने छापून फ्रिजवर लावले.

एक इंग्रजी वाक्य पाठच करा: "आय डू नॉट कन्सेंट टु युवर एंट्री." म्हणजे, तुम्ही आत यायला माझी संमती नाही. तरीही जबरदस्तीने आत आलेच, तर अडवू नका, धक्काबुक्की नको. हेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणा. नंतर वकिलाला ते कामी येतं.

गप्प राहायचा हक्क कागदपत्रं नसलेल्यालाही आहे. पण गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. "मी अमेरिकन नागरिक आहे" अशी थाप तर चुकूनही नको, ती आयुष्यभर नडते.

आपल्या लोकांना वाटतं, नोकरीचा एचवन व्हिसा आहे, ग्रीन कार्ड आहे, आपल्याला काय! कायद्याने १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो. ग्रीन कार्ड असेल तर ते, व्हिसावर असाल तर आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत. माझ्या भाच्याचं ग्रीन कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये होतं!

कुणाला धरलंच तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नये, कारण 'स्वखुशीने परत जातो' असा कागदही पुढे येतो. वकील करता येतो, पण इमिग्रेशन कोर्टात सरकार तो फुकट देत नाही. म्हणून एका वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, पाठ हवा. फोन काढून घेतात. घरच्यांकडे त्या माणसाचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला नंबर, हवा. तो आणि जन्मदेश टाकला की आईसच्या वेबसाइटवर माणूस कुठे ठेवलाय ते शोधता येतं. मुलांना शाळेतून कोण आणणार, हेही आधीच शाळेला लेखी कळवून ठेवा.

रस्त्यावर धरपकड दिसली तर? लांब उभं राहा, मधे पडू नका, व्हिडिओ घ्या. वेळ, जागा, गाड्यांचे नंबर टिपा. आणि कृपा करून 'अमुक दुकानाबाहेर आईस आलीय' असं स्वतः न बघता व्हॉट्सॲपवर ढकलू नका. आमच्या ग्रुपवर एकदा असंच झालं, दोन बायका दिवसभर घराबाहेर पडल्या नाहीत. बाहेर उभी होती ती केबलवाल्याची व्हॅन.

तिसऱ्या रविवारी शेजारच्या आजींची पाळी आली. नवऱ्याने दार ठोठावलं, दरडावलं, मग गोड आवाजातही विनवलं. आजींनी आतून शांतपणे वॉरंट मागितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा ओतला, आणि दहा मिनिटांनी लक्षात आलं की तो अजून बाहेर थंडीत उभा आहे.